पाय मोडला की हलता येत नाही

नांदगाव,
१३ जानेवारी २०२५

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

उद्या संक्रांत. दरवर्षी तिळगुळाचा डबा घेऊन मी स्वतः तुझ्याकडे येतो, यंदा ते जमणार नाही. नुसतं गोड बोलून भागव.

काम असं आहे. नऊ वर्षांपूर्वी तू कॉलेजात असताना माझ्या कॉम्प्युटरवर मराठी लिहायला एक एडिटर करून दिला होतास. छापखान्यात आम्ही शिशाच्या एकेका अक्षराला खिळा म्हणायचो, म्हणून मी त्याचं नाव 'खिळा' ठेवलं. तो मला आता मोबाइलवर हवा आहे. लग्नसराई तोंडावर आली आहे आणि पत्रिकांचा मजकूर जुळवून द्यायला इथले दोन छापखाने माझ्यावर अवलंबून आहेत. कॉम्प्युटर ठणठणीत आहे, मलाच त्याच्यासमोर बसवत नाही. कारण विचारू नकोस, वय समज.

मोबाइलमध्ये लिहायची जी सोय आहे ती फार शहाणी आहे. मी लिहितो एक आणि ती आपल्या मनाने दुसरंच करते. परवा एका नवरीला तिने 'चि. सौ. कांदा' करून टाकलं. नशीब की मी छापायच्या आधी पाहिलं.

फोन मात्र करू नकोस. तुझी आरोही झोपलेली असते, आणि तक्रार लेखी असलेली बरी. फोनचा कोटा पुण्याहून मनोज पुरा करतोच. दिवाळीत मी बाथरूममध्ये घसरलो, खरचटलंसुद्धा नाही, तरी तेव्हापासून त्याचं एकच पालुपद आहे: "बाबा, आता परत पडलात तर घराला कुलूप लावून तुम्हाला इकडे आणणार." त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. तुझी मामी गेली ती याच घरातून, आणि मीही इथूनच जाणार. हे तुला माहीत आहे, त्यालाही माहीत असायला हवं.

तुझा,
कारभारी मामा


देवळाली कॅम्प,
१८ जानेवारी २०२५

ती. मामा,
नमस्कार.

घ्या, तुमचा खिळा मोबाइलवर आला. सोबत फाइल जोडली आहे, ती दाबा आणि विचारेल त्या सगळ्याला हो म्हणा.

कसा केला ते ऐका. लॅपटॉप उघडला की आरोही जागी होते. माझ्या मांडीवर एका वेळी दोघं मावत नाहीत हे तिला चार महिन्यांची असतानाच कळलं आहे. म्हणून डावा हात तिच्या डोक्याखाली, उजव्या हातात फोन, आणि सगळा कोड एका अंगठ्याने. कॉम्प्युटरसाठी लिहिलेला प्रोग्राम फोनवर बसवायचा, तोही फोनवरूनच. एकदा बिल्ड लावला, म्हणजे कोडवरून प्रोग्राम तयार करायला घेतला, की अकरा मिनिटं लागतात आणि फोन हातात धरवत नाही इतका तापतो. तेवढ्यात जवळच्या लष्करी रेंजवर तोफ उडते आणि आरोही भोकाड पसरते.

रोहित त्याच्या पलटणीबरोबर एप्रिलपर्यंत राजस्थानात फायरिंगला आहे. सासूबाई सायखेड्यात सासऱ्यांच्या डायलिसिसमध्ये अडकल्या आहेत. कुसाबाई सकाळी तासभर येऊन आरोहीला न्हाऊ घालतात, बाकी दिवसभर या क्वार्टरच्या दोन खोल्या आणि मी. डोस द्यायला नेलं ते सोडलं तर मी फाटकाबाहेर गेलेली नाही. तीन मार्चला ऑफिसात हजर व्हायचं आहे आणि आरोहीला कोण बघणार ते ठरत नाही. मामा, मला नोकरी सोडायची नाही. या घरात मी अशीच राहिले तर एक दिवस भिंतींशी बोलायला लागेन.

हे पत्र मी खिळ्यातच लिहिलं आहे. तुम्हीही त्यातच लिहा. उगाच अबकड टाइप करून चुका सापडत नाहीत, खरा मजकूर लागतो.

तुमची,
मोहिनी


नांदगाव,
२२ जानेवारी २०२५

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

खिळा मिळाला. डोळे भरून पाहिला आणि लगेच चुका काढायला बसलो. म्हणजे बसलो असं नाही, पण काढायला लागलो.

एक: खालचा कळफलक वर आला की शेवटची ओळ त्याच्याखाली गडप होते. आपण काय लिहितोय ते लिहिणाऱ्याला दिसायला हवं, ही माफक अपेक्षा आहे.

दोन: मी कुशीवर वळलो की पानही आडवं होतं. मग मी मान वळवतो, की ते परत उभं. आमचं दोघांचं हे दिवसभर चालतं.

आता तिसरी, ही गंभीर आहे. पाय मोडला की जागचं हलता येत नाही. पुढे सरकता येत नाही, मागे येता येत नाही, आणि खाली उतरायचं तर नावच नको. आहे तिथेच पडून राहावं लागतं. कळ दाबून धरली तर थोडा वेळ निभतं, सोडली की पुन्हा तेच.

सवड होईल तसं बघ. घाई नाही असं मी म्हणणार नाही.

कारभारी मामा


देवळाली कॅम्प,
२४ जानेवारी २०२५

ती. मामा,

पहिल्या दोन चुका दुरुस्त केल्या, नवी फाइल जोडली आहे. पण तुम्ही कुशीवर पडून का लिहिता? मी पडून लिहिते कारण माझ्या दंडावर एक बाई झोपलेली असते. तुम्हाला काय झालं? उठून बसा जरा, मान धरेल.

तिसरी चूक मला इथे दिसत नाही. पाय मोडला म्हणजे अक्षराचा पाय मोडला, बरोबर? 'त' चा 'त्' केला की कर्सर तिथे अडकतो, असंच ना? अक्षराचा पाय कसा मोडायचा हे तुम्हीच मला पाटीवर शिकवलं होतं. तेव्हा मी रडले होते की त्याला दुखेल.

मला तीन प्रश्नांची नेमकी उत्तरं द्या. हे कधीपासून होतंय? काय करताना झालं? किती वेळा झालं? एवढं कळलं की चूक सापडतेच.

मोहिनी


नांदगाव,
२६ जानेवारी २०२५

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

नेमकं विचारलंस, नेमकं सांगतो.

कधीपासून: ९ जानेवारी, सकाळी पावणेसात.

काय करताना: वरून खाली येताना. शेवटची एक सुटली.

किती वेळा: एकदाच. पण एकदा पाय मोडला तो मोडलेलाच आहे, आपोआप सरळ होत नाही.

यातलं एक अक्षर खोटं नाही. 'त' रडत नाही हे मात्र तुला तेव्हाही मी खरंच सांगितलं होतं.

मनोजचा फोन रोज रात्री आठला येतो. "चालणं-फिरणं चालू आहे ना," म्हणून विचारतो. मी म्हणतो, "तुझं चालू आहे का ते सांग." तो हसतो आणि विषय मिटतो. नवसाबाई शेजारून दोन वेळचं ताट आणून देतात आणि वर ऐकवतात, "तात्या, पोराला सांगा, लय अंगावर काढू नका." बायकांना काळजीची हौस असते.

कारभारी मामा


देवळाली कॅम्प,
१ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

सापडली.

तुमची तारीख वाचून मी चक्रावले. मोबाइलचा खिळा मी पाठवला १८ तारखेला आणि तुमची चूक ९ तारखेची. म्हणजे ती मोबाइलमध्ये नाहीच, मूळच्या कॉम्प्युटरवाल्या खिळ्यातच आहे आणि मी ती जशीच्या तशी इकडे उचलून आणली. सहा दिवस मी माझाच नऊ वर्षांपूर्वीचा कोड ओळ न् ओळ उसवला, फोनच्या एवढ्याशा पडद्यावर. काय एकेक दिवे लावले होते मी तेव्हा. पण तुम्ही म्हणता ते खरं निघालं: ओळीच्या शेवटी पायमोडकं अक्षर असेल आणि खालच्या ओळीवर जायचं असेल, तर प्रोग्राम त्या अक्षराचा मोडलेला पाय वेगळा मोजतो आणि हिशेब चुकतो. नऊ वर्षांत कुणाला दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं. नवी आवृत्ती जोडली आहे. आता पाय मोडला तरी चालता येईल.

ऑफिसची मेल आली आहे. तीन मार्चला येणार की नाही ते २८ फेब्रुवारीपर्यंत कळवायचं. कुसाबाईंना विचारलं की दिवसभर आरोहीला ठेवाल का, तर म्हणाल्या बघू. या 'बघू'वर मी सध्या जगते आहे. खरं सांगू का, खिळ्याचं हे काम नसतं तर माझं डोकं फिरलं असतं. तुम्ही मुद्दाम मला कामाला लावलंय ना? मी ओळखलंय ते.

मोहिनी


नांदगाव,
४ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

नवी आवृत्ती उत्तम चालते. काल तीन पत्रिका जुळवल्या. एकीत नवऱ्याकडची एकोणचाळीस नावं होती आणि त्यांतले अकरा जण माजी सरपंच.

तू सहा दिवस घालवलेस हे वाचून मला बरं वाटलं नाही. इतकं खोदायला नको होतं.

पण माझी अडचण जिथल्या तिथे आहे. उलट दोन नव्या झाल्या. एक म्हणजे टोकाचा रंग बदलला आहे. आधी लालसर होता, रविवारपासून काळपट दिसतो. दुसरी, टोकाला बोट लावलं तर काही कळत नाही. जोरात दाबलं तरी नाही. आठवड्यापूर्वी हात लावू देत नव्हतं, आता काहीच नाही.

तुला काय वाटतं, हे गंभीर आहे का?

कारभारी मामा


देवळाली कॅम्प,
५ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

गंभीर काही नाही, काळजी करू नका. रंग बदलला म्हणजे तुमच्या हातून पडद्याची गडद छटा चालू झाली असेल, वरच्या कोपऱ्यातल्या चंद्रावर एकदा दाबा. आणि बोट लावल्याचं कळत नसेल तर फोनवरची काच काढून पाहा. जुनी झाली की स्पर्श पोचत नाही.

पण ही दोन्ही लक्षणं मला माझ्या फोनवर दिसत नाहीत. आता वर्णन नको. मागच्या वेळी मी तुमच्या वर्णनावरून अख्खा आठवडा घालवला. जे बिघडलंय त्याचा सरळ फोटो काढून पाठवा. तो पाहिल्याशिवाय मी कशाला हात लावणार नाही.

मोहिनी


नांदगाव,
६ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस,

फोटो जोडला आहे. तो पडद्याचा नाही, माझ्या उजव्या पायाचा आहे.

९ तारखेला सकाळी आतल्या खोलीतून कॉम्प्युटर लावायला पुढच्या खोलीत येत होतो. मधल्या दोन पायऱ्या तुला ठाऊक आहेत. दुसरी सुटली आणि घोट्याच्या वर मोडला. नवसाबाईंनी हाक ऐकली. त्या दवाखान्यात चला म्हणत होत्या, मीच ऐकलं नाही. विम्याचं कार्ड मनोजच्या नावावर आहे. दवाखान्यात ते दाखवलं की दुसऱ्या मिनिटाला त्याच्या फोनवर संदेश जातो, आणि मग घराला कुलूप. म्हणून हाडवैद्याला बोलावलं. त्याने बांबूच्या कामट्या घालून आवळून बांधलं. तेव्हापासून मी खाटेवर आहे. कॉम्प्युटर इथून दिसतो.

मला खोटं लिहायची सवय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून पोट भरलं. म्हणून खरंच लिहिलं, पण तू ते दुसरंच वाचशील अशा बेताने. सुरुवातीला मला स्वतःवर खूश व्हायला झालं. तू सहा दिवस जुना कोड उसवत बसलीस ते वाचलं तेव्हा लाज वाटली. आणि काल 'गंभीर काही नाही' वाचून इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली. पायाचा तो विषय नव्हता हे मला माहीत होतं, तरी मी तो पायाला लावून घेतला.

मला साखर आहे. बोटं काळी पडण्याचा अर्थ मला कळतो. मनोजला सांगू नकोस.

कारभारी मामा


देवळाली कॅम्प,
६ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेदहा

मामा,

कामट्यांची दोरी नवसाबाईंकडून आत्ताच्या आत्ता सोडवून घ्या. पत्र पुढे वाचू नका, आधी ते करा.

जमीलभाईंची गाडी सांगितली आहे. आरोहीला घेऊन निघते, दीडपर्यंत पोचेन. तिथून सरळ नाशिकला दवाखान्यात. विम्याचं कार्ड काढायचं नाही, मी बघते. मनोजदादाला मी सांगणार नाही, हा माझा शब्द. पण गाडीत बसताना एक शब्द बोलायचा नाही.

मला तुमचा फार राग आला आहे. त्याहून जास्त माझा, कारण तुम्ही विचारलंत आणि मी तुम्हाला फोनची काच बदलायला सांगितली.

मोहिनी


देवळाली कॅम्प, स्वयंपाकघर,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

तुम्ही पुढच्या खोलीत आहात, मी इथे भिंतीपलीकडे, आणि तरी पत्र लिहिते आहे. तोंडाने सांगायला गेले तर रडेन आणि आरोही उठेल.

कुसाबाई काल अंगणात मला काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत, हे मला माहीत आहे. "ताई, एकटं लेकरू आसतं तर दिवसभर सांभाळलं आसतं. पन लेकरू आन उठता न येनारं मानूस, दोनी मला नाय जमायचं." त्यांचं काही चुकलं नाही. डॉक्टरांनी दोन बोटं काढली पण पाय वाचवला. आता दोन महिने तो जमिनीला लावायचा नाही आणि रोज ड्रेसिंग. मनोजदादाला वाटतं की तुम्ही नातीचं कौतुक करायला आलात. त्याला सांगायचं नाही असा मी शब्द दिला आहे. तुम्हाला नांदगावात एकटं ठेवता येत नाही. सगळीकडून विचार करून झाला.

नोकरीचा राजीनामा लिहिला आहे, सोबत जोडते. उद्याचा एक दिवस कुसाबाई संध्याकाळपर्यंत थांबणार आहेत, तेव्हा मी दहाच्या बसने जाऊन तो हातात देऊन येईन. मेलवर पाठवायला नको वाटतं, पाच वर्षं तिथे बसले आहे. तुम्ही फक्त शुद्धलेखन तपासा. यावर आपण बोलायचं नाही.

मोहिनी


देवळाली कॅम्प, पुढची खोली,
२८ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

हे पोचेल तेव्हा तू बसमध्ये असशील. राजीनामा तपासला. पहिल्या परिच्छेदात 'कौटुंबिक'ची वेलांटी चुकली आहे आणि शेवटी 'ऋणी'ऐवजी 'रुणी' आहे. त्या दुरुस्त करायची गरज नाही, कारण खरी दुरुस्ती एकच आहे: पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत सगळा मजकूर वगळावा.

तू फाटकाबाहेर पडलीस आणि मी मनोजला फोन लावला. सगळं सांगितलं, पायरीपासून बोटांपर्यंत. तू दिलेला शब्द पाळलास हे आधी सांगितलं, म्हणजे तो तुझ्यावर चिडायचा नाही. तो माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. तो रडला. लहानपणी दात पडला तेव्हाही इतका रडला नव्हता. "बाबा, मी तुम्हाला असा काय धाक घातला होता," म्हणत राहिला. तो मला न्यायला निघाला आहे, दुपारी पोचेल.

कुसाबाईंशी बोललो. सोमवारपासून सकाळी साडेआठला येते म्हणाल्या, संध्याकाळी तू येईपर्यंत थांबतील. "तात्या, मी तुमाला घालवाया नव्हतं म्हनलं," असं म्हणून डोळे पुसायला लागल्या. त्यांना वाईट वाटून घेऊ नका म्हणालो. तूही सांग.

आता आडून काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून साफ लिहितो. मला पुण्याला जायचं नाही. सातव्या मजल्यावर खिडकीपाशी उभं राहायलासुद्धा मला भीती वाटते. तरी आज नवसाबाईंना फोन करून घराला कुलूप लावायला सांगितलं. ते घर राखण्यासाठी मी दीड महिना मनोजपासून पाय लपवला. त्यात माझी दोन बोटं गेली आणि आज तुझी नोकरी जाणार होती. बोटं माझी होती. नोकरी माझी नव्हती.

तू परत येईपर्यंत मी थांबणार नाही. तू समोर आलीस तर माझा पाय निघायचा नाही, आणि तू मला जाऊ देणार नाहीस. आरोही दूध पिऊन झोपली आहे. ड्रेसिंगचं सामान मी बरोबर नेतो.

तो कागद पर्समधून काढू नकोस. तुझा थांबा आला की उतर, आणि आत जाऊन सोमवारी येते एवढंच सांग.

तुझा,
कारभारी मामा